क्लच नसलेली जीप

बराकपूरच्या लष्करी लिलावातली जुनी जीप आणि मोडीत निघालेल्या अमेरिकन गाडीचा, आपोआप गिअर बदलणारा गिअरबॉक्स, यांचं लग्न लावायला मला चार महिने लागले. चार सिलिंडरच्या इंजिनाला तो जडच होता. दोघांमधली लोखंडी चकती तीनदा कातून घेतली, मागच्या चाकांना फिरवणारा दांडा कापून आखूड केला. हौसेखातर असले उद्योग करणाऱ्यांचा मला राग येतो. मी केला तो दिगंबरदादासाठी.

दादा सरकारी भूगर्भतज्ज्ञ. छोटा नागपूरच्या डोंगरात दरड कोसळली आणि त्याचा डावा पाय मांडीपासून गेला. क्लच दाबायला पायच उरला नाही. सोमवारी साहेबांपुढे गाडी चालवून दाखवली नाही, तर पुढची सगळी नोकरी फायलींत जाणार होती, आणि फायलींत दादा जगला नसता.

दसऱ्याच्या सकाळी कलकत्त्यात, बालीगंजच्या आमच्या गल्लीत त्याने पहिली फेरी मारली. गाडी दारात येऊन थांबली; इंजिन चालूच होतं. सरलावहिनी ताट घेऊन पुढे आली. तिने बॉनेटला कुंकू लावलं, झेंडूचा हार घातला आणि ती ओवाळू लागली. दादाने डोळे मिटून हात जोडले.

जीप पुढे सरकली.

वहिनीला वाटलं, थांबेल. धक्क्याने ती पडली, ताट उडालं. मी आत हात घालून इंजिन बंद केलं तेव्हा चाक तिच्यापासून वीतभर दूर होतं. गिअर पडलेला होता आणि ब्रेकवरचा पाय सुटला होता; असल्या गाडीला पुढे सरकायला तेवढं पुरतं. थांबल्यावर गिअर काढायचा, एवढं सांगायला मी मूर्ख विसरलो होतो.

दादा पांढराफटक पडला होता.

"मी क्लच दाबून धरला होता गं," तो म्हणाला. "डाव्या पायाखाली मला जाणवत होता."

मग माझ्याकडे वळून म्हणाला, "विकून टाक ही."

वहिनी उठली. तिच्या कोपरातून रक्त येत होतं. तिने विझलेलं निरांजन शोधून पुन्हा लावलं आणि ती जीपच्या पुढे, बंपरला अगदी खेटून उभी राहिली.

"तुमचा पाय गेला, हे मी इस्पितळातच मान्य केलं," ती म्हणाली. "तुम्ही आज करा. भाऊजी, इंजिन चालू करून गिअर टाका. अहो, तुम्ही ब्रेक दाबा. माझं ओवाळायचं राहिलंय."

मी गिअर टाकला. दादा ढसाढसा रडत होता, पण त्याने डोळे मिटले नाहीत, आणि वहिनीचं ओवाळून होईपर्यंत जीप तसूभरही हलली नाही.