जुन्या टाक्यांची भोकं

माझी शिलाई चांगली आहे, हीच या प्रकरणातली मुख्य अडचण.

लेक एकोणीस वर्षांची. कोणी बोलत नसताना तिला बोलणं ऐकू यायचं. गोळ्या सुरू झाल्या, आवाज गप्प झाले आणि भूक जागी झाली. आठ महिन्यांत चौदा किलो. मध्ये एकदा पँटचं बटण लागेना, तर बयेनं महिनाभर गोळ्या गुपचूप कुंडीत पुरल्या. आवाज परत हजर. रोपटं मात्र टवटवीत.

तेव्हा मी ठरवलं, बटणं लागलीच पाहिजेत.

शिवणीत मी सव्वा इंच जादा कापड सोडतेच. गिऱ्हाईक बारीक होऊन परत आल्याचं मला तरी आठवत नाही. लेक कॉलेजला गेली की मीच शिवलेला तिचा एकेक कपडा उसवायचा, पाव इंच बाहेरून टीप मारायची, ओलं फडकं टाकून इस्त्री, घडी जागच्या जागी. वजनकाटा शेजारणीला देऊन टाकला. आरशाचं काही लक्षात आलं नाही.

परवा डॉक्टरीणबाईंनी विचारलं, “कसं वाटतंय?”

“परत सुरू झालंय,” लेक म्हणाली. “या वेळी ऐकू नाही येत. दिसतं.”

“काय दिसतं?”

“आरशात एक जाडी मुलगी. माझेच कपडे घालून उभी असते. दंड हे एवढाले! पण मला जुने कपडे सगळे बरोब्बर होतात. रोज घालून बघते. म्हणजे ती खरी नाही.”

ती हे अगदी शहाण्यासारखं सांगत होती. डॉक्टरीणबाईंनी पेन उचललं. “डोस थोडा वाढवू या.”

“थांबा,” मी म्हणाले. “ती मुलगी खरी आहे.”

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. आता आईचाही केसपेपर काढावा की काय, असं.

मी उठून लेकीच्या शर्टाची कुशीची शिवण उजेडात धरली. शिवणीलगत जुन्या टाक्यांच्या भोकांच्या चार ओळी. इस्त्रीने बुजतात, पण मुळीच नाहीत असं होत नाही.

लेकीने एकेका ओळीवरून बोट फिरवलं. “म्हणजे मी जाडी झालेय.”

“हो.”

“डोकं फिरलेलं नाही.”

“तुझं नाही.”

बाईंनी पेन ठेवलं आणि शेजारच्या खोलीतून काटा आणवला. वजन या गोळीने वाढतं, म्हणाल्या, गोळी बदलून बघू. पण दोघींपैकी कोणीही परस्पर काही करायचं नाही. ‘दोघींपैकी’वर जोर होता.

बसमध्ये लेक माझ्यापासून तीन सीट लांब बसली. घरी येऊन मशीनपुढे हात वर करून उभी राहिली.

“माप घे. खरं.”

“कंबर चौतीस.”

“आई.”

“साडेपस्तीस.”

तिचे डोळे भरले. मी टेप गुंडाळू लागले, तशी म्हणाली, “नवी पँट शीव. पिवळी.”

“पिवळं मळतं गं.”

“मळू दे.”

“आत कापड सोडू?”

तिने नव्या गोळीचं पाकीट फोडलं, गोळी पाण्याबरोबर गिळली, मला तोंड उघडून दाखवलं.

“सोड,” म्हणाली. “पण उसवायच्या आधी मला विचारायचं.”

मग काटा मागायला शेजारी गेली. शेजारणीने आनंदाने दिला. म्हणाली, बिघडलाय मेला, जास्तच दाखवतो.