सोडलेला मासा

ऑक्टोबरात बास मासे सरोवराच्या तळाशी जातात. त्या सकाळी धक्क्यावर व्हर्नाकाकूंनी जेवणापुरता एक बास बादलीत ठेवला, तर हौसेने मासे धरायला आलेला लायल चारचौघांत म्हणाला, "मारता कशाला, काकू? आम्ही धरतो आणि सोडून देतो."

काकूंनी बादली सावलीत सरकवली.

दुपारी लायलने खोल पाण्यातून भलाथोरला बास ओढला, धक्क्यावर आणून फोटो काढले आणि ऐटीत सोडला. एवढ्या खोलवरून वर आलेल्या माशाच्या पोटातली हवेची पिशवी फुगते आणि त्याला परत खाली जाता येत नाही. तो उताणा तरंगत राहिला. लायलने वल्ह्याने खाली दाबला, तरी पुन्हा वर आला. कुणीही हसलं नाही, तेच लायलला जास्त लागलं.

काकूंनी जाळीने मासा उचलून बादलीत टाकला.

"सोडलास ना रे? मग मी नेते. संध्याकाळी जेवायला ये."