वाणाचे सहा ग्लास

संक्रांतीच्या वाणासाठी काहीतरी आणा, म्हणून मी आमच्या चारुदत्तांच्या कानीकपाळी ओरडत होते. त्यामुळे कपाटात कागदात गुंडाळलेले सहा काचेचे ग्लास दिसले तेव्हा मला नवऱ्याचं कौतुकच वाटलं. हिरवट काच, अंगावर द्राक्षांच्या वेलाची नक्षी. त्यांत तिळगूळ भरला आणि हळदीकुंकवाला आलेल्या बायकांना देऊन मोकळी झाले.

संध्याकाळी हे सिलतऱ्याच्या कारखान्यातून आले आणि रिकामा कप्पा बघून मटकन खाली बसले.

"वाटले? काहून? अवं, आजोबाच्या जमान्यातले, बुडाशी कमळाचा छाप असलेले होते ते! गुढियारीच्या कबाड्याकडून एकेक जमवून राहिलो होतो मी. जा मीनल, मागून आण."

"वाण परत मागते का कोणी? लोकं तोंडात शेण घालतील माझ्या."

मग ह्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. वाणात आलेली वस्तू घरी ठेवतं कोण? सगळ्या पुढच्या घरी सरकवतात. माझीच प्लास्टिकची गाळणी मला दोनदा परत आली आहे.

झालं! चौबे कॉलोनीतलं एकही हळदीकुंकू मी सोडलं नाही, बोलावणं असो वा नसो. हे टॉर्च घेऊन फाटकाशी उभे. ग्लास घेऊन कोणी बाहेर आली की म्हणायचे, "दीदी, जरा उलटा करा. बुडाशी कमळ पाहिजे."

बायका आधी हसल्या. मग घरून शोकेसमधल्या बरण्या, जग घेऊन तपासायला येऊ लागल्या. शेजारच्या राधिकाचा माहेरचा जग टूथपेस्टवर फुकट मिळालेला निघाला, तर तिने आईशी बोलणं टाकलं. शेवटी शेवटी तर कुंकवाला कपाळ पुढे आणि नजर ग्लासाच्या बुडाकडे, अशी सगळ्यांची तऱ्हा.

पाच ग्लास मात्र खरंच परत आले.

सहावा कुठे आहे ते मला ठाऊक होतं. रथसप्तमीला सांगावंच लागलं. तो मागच्या गल्लीतल्या इंदूकाकूंकडे होता. काकू विधवा, त्यांना हळदीकुंकवाला कोणी बोलवत नाही. मी बोलावलं, कुंकू लावलं, वाण दिलं. दोघीतिघी नाक मुरडून गेल्या, जाऊ देत.

ह्यांनी पुढचं ऐकलंच नाही. चपला घातल्या आणि निघाले. मी मागे.

काकूंनी ग्लास देवाजवळ ठेवला होता. "तुझे काका गेल्यापासून पहिलं वाण मिळालं मले," त्या ह्यांना म्हणाल्या. "लय किमती आहे म्हणतात, म्हणून वापरत नाही. चारू, तूच पाहून सांग."

ह्यांनी ग्लास उलटा केला. कमळ मलाही दिसलं. ह्यांचा अंगठा त्याच्यावरून हलेना.

"साधा आहे, काकू. बाजारातला."

इतक्या वर्षांच्या संसारात मला हा माणूस एवढा कधी आवडला नव्हता.

"बरं झालं बाई! मंग यातच चहा पी," म्हणत काकूंनी उकळता चहा सरळ ग्लासात ओतला. तडकन आवाज झाला. ग्लासाचे दोन तुकडे आणि ओट्यावर चहाच चहा.

"माझं वाण..." काकूंचे डोळे भरून आले.

हे तुकड्यांकडे बघत राहिले. मला वाटलं, आता हेही रडतात.

"साधाच होता, काकू," हे कसंबसं म्हणाले. "असे पाच पडून आहेत घरी. मीनल आत्ता आणून देते. फक्त... चहा जरा थंडा करून ओतत जा."