माझ्या अंगावरचा पाचवा थर

"अपा, बाजूला हो. रोलर खोळंबलाय," तालाय म्हणाला.

"खोळंबू दे. त्याला काय लग्नाला जायचंय?" त्याची आई झूराकान माझ्या तोंडाशी, भर रस्त्यात लोकरीचा नमदा पसरून बसली होती.

"लोक बघतायत!"

"बघू देत. तुला पाळण्यात बांधायचे तेव्हाही बघायचे. तेव्हा तर तू नागडा होतास."

रोलरवाला जोल्दोश खिदळला. तालायला हसू आलं नाही.

मी पूल बोलतोय. ज्याच्यावरून हे भांडण पेटलंय तोच. मला कुणी विचारलं नाही, म्हणून न विचारता सांगतो.

काँक्रीटचे खांब, वर पोलादी तुळया, अशी माझी बांधणी. बांधणारे रशियनमध्ये बोलायचे आणि शिव्या किर्गिझमध्ये द्यायचे, पण कामात लबाडी नव्हती. उन्हात पोलाद लांबतं, थंडीत आखडतं, म्हणून त्यांनी रस्त्यात एक फट सोडली. मला हातपाय ताणायला तेवढी पुरत होती. माझ्यावर किती वजन चालेल, तेही त्यांनी आधीच ठरवलं होतं.

दर वसंतात गावाची मेंढरं माझ्यावरून डोंगरातल्या कुरणांकडे चढतात. मागून घोडे, तंबूंच्या काठ्या लादलेले ट्रक, रडणारी पोरं. ते ओझं मला कधी जड गेलं नाही. जड गेलं ते मानपानाचं. बडा पाहुणा येणार म्हटलं, की माझ्यावर डांबर ओततात. आधी जुना थर खरवडायचा असतो, पण त्याला वेळ लागतो आणि पाहुणा तर दारात! चार पाहुणे आले, चार थर चढले. कडेचा उंबरा रस्त्यात बुडाला. पाणी जायची भोकं बुजली, ते पाणी आत झिरपून तुळया गंजल्या. गंज दिसला की त्यावर निळा रंग फासतात. फटही डांबराने भरून टाकली. गेल्या उन्हाळ्यात मी लांबायला गेलो आणि काठावरच्या माझ्याच भिंतीवर आदळलो. ती तडकली.

पाहुण्यांवर माझा राग नाही. ते गाडीतून उतरतसुद्धा नाहीत. राग आहे तो तालायवर.

लहानपणी हा पोरगा पालथा पडून त्या फटीत बोटं घालायचा. हिवाळ्यात दोन जायची, उन्हाळ्यात एकही नाही. "अपा, पूल वाढतो!" असं ओरडत घराकडे पळायचा. त्या वेडापायीच तो बिश्केकला जाऊन इंजिनिअर झाला. परतला तेव्हा मला वाटलं, आता माझं माणूस आलं.

परवा तो खाली उतरला. भिंतीच्या भेगेत बोट घातलं, तुळईवरचा गंज नखाने उकरला. पोपडाच हातात आला. त्याने तो गुपचूप नदीत टाकला आणि वर जाऊन गावप्रमुखाला म्हणाला, "पक्का आहे. घाला थर."

शत्रूने केलं असतं तर सोसलं असतं. हा तर माझं दुखणं ओळखणारा!

मेंढरांना पाणी पाजायला आलेल्या झूराकानने खालून सगळं पाहिलं होतं.

"जुने थर आधी काढायला हवेत, हे तूच मला सांगितलंस ना?" आता रोलरसमोर बसून ती विचारत होती.

"महिनाभर पूल बंद ठेवावा लागेल, अपा. पाहुणे उद्या संध्याकाळी येतायत. प्रमुखांनी शब्द दिलाय."

"शब्द त्याने दिला, मग पाठ पुलाची का मोडायची?"

"एका थराने काही होत नाही."

"हे मागच्या चारही वेळी म्हणाले असतील."

"तुला यातलं काही कळत नाही!"

"नाही कळत. कळावं म्हणून तर तुला शिकवला."

माझं मागणं फार नाही. रंग नको, गुळगुळीतपणा नको. डांबर खरवडा, फट मोकळी करा, तोवर अवजड गाड्या लांब ठेवा. मी अजून उभा राहीन.

दुसऱ्या दिवशी पहाटे कळप निघायचे होते. बर्फ वितळून नदी फुगली होती. तिच्यात मेंढरं घालायची म्हणजे निम्मी कोकरं वाहून जायची. आणि झूराकानचा कळप पुढे, बाकीचं गाव त्याच्या मागे, अशीच इथली रीत.

ती उठली, नमदा झटकून काखेत मारला. म्हातारी हरली असं वाटून जोल्दोशने रोलर सुरू केला. तेव्हा ती लेकाकडे वळून, साऱ्या गावाला ऐकू जाईल अशा आवाजात बोलली, आणि तालायने स्वतःच हात वर करून रोलर थांबवला. ती म्हणाली होती, "उद्या माझी मेंढरं नदीतून जातील, आणि का म्हणून कुणी विचारलं तर सांगेन, पूल माझ्या लेकाने तपासलाय."