रंग दिसला की थांबा

एकोणीसशे अठ्ठ्याण्णव साली दादाच्या टाकीतले प्रवाळ मळकट दिसू लागले. म्हणजे दादाला दिसू लागले. बाकी घराला ते होते तसेच दिसत होते, पण बाकी घराला विचारतो कोण? दादा रंगांच्या कारखान्यात छटा जुळवायचं काम करायचा. गिऱ्हाइकानं एखादा तुकडा पुढे धरावा आणि दादानं नुसतं बघून सांगावं, यात पिवळा कणभर जास्त झालाय. त्या नजरेवरच घर चाललं होतं.

घरात माणसं तीनच. दादा, वहिनी आणि दादाची बहीण. बहिणीला सगळे धाकटी म्हणत. केस पिकले, नवरा गेल्यावर ती भावाकडे राहायला आली, तरी धाकटी ती धाकटीच. चष्म्यांच्या दुकानात ती फ्रेमा बसवून द्यायची.

बैठकीच्या खोलीत खाऱ्या पाण्याची लांबलचक टाकी होती आणि तिच्यात दादाचे प्रवाळ. वहिनी त्यांना सवती म्हणायची. "एक सवत असती तर भांडून तरी घेतलं असतं," ती म्हणे, "या डझनभर, आणि एक बोलेल तर शपथ."

एका सुट्टीच्या दिवशी दादाच्या चष्म्याचा स्क्रू ढिला झाला. धाकटीनं त्याला खिडकीशी बसवलं, चष्मा आवळून त्याच्या नाकावर चढवला आणि कान बघता बघता तिचं लक्ष डोळ्यांकडे गेलं. दोन्ही बुबुळांत दुधाळ सावट होतं. दुकानात असे डोळे ती रोज बघायची.

"झालं का ग? की नवीन नाक बसवतेस?" दादा म्हणाला.

"झालं," ती म्हणाली आणि सरळ स्वयंपाकघरात गेली.

वहिनीनं ऐकून घेतलं आणि गॅस बारीक केला. "वन्सं, मला बोललात ते बोललात. ह्यांच्या कानावर घालू नका."

"अहो, मोतीबिंदू आहे. काढता येतो."

"ते तुम्हाला माहीत. कारखान्यात ह्यांच्या खुर्चीवर डोळा ठेवून बसलेत, त्यांना ह्यांच्या डोळ्याचं कळलं की झालं. निवृत्ती तोंडावर आलीय. टाकी मळकट दिसते म्हणून नवा दिवा आणायचं मनात आहे ना ह्यांच्या? मग दिव्यावर भागतंय तर भागू द्या."

या घरात आपण पाहुण्या आहोत असं धाकटीला कधी कुणी जाणवू दिलं नव्हतं. म्हणूनच की काय, घराला न रुचणारी गोष्ट आपल्या तोंडून निघावी हे तिला जमेना. तिनं ताटं मांडायला घेतली.

दिवा घ्यायला ती दादाबरोबर गेली. शोभेचे मासे विकणारा तो मासेवाला गलेलठ्ठ आणि बोलघेवडा. टाकीवरच्या जुन्या ट्यूबा आता काढाच, म्हणाला, आणि मेटल हॅलाइडचा प्रखर, जाडजूड दिवा काउंटरवर ठेवला.

"साहेब, प्रवाळाच्या अंगात बारीक शेवाळ राहतं. ते उजेडावर अन्न करतं आणि प्रवाळाला भरवतं. उजेड वाढला की प्रवाळ वाढतो, रंग खुलतो. पण एकदम वाढवलात तर शेवाळ घर सोडून जातं आणि प्रवाळ पांढरा पडतो. दिवा साखळीवर उंच टांगा. मग हळूहळू एकेक कडी खाली घ्या. रंग दिसला की थांबा."

"कुणाला दिसला की?" धाकटीनं विचारलं.

"ज्याची टाकी त्याला. आणखी कुणाला?" मासेवाला हसला. दादाही हसला.

साखळी अडकवायचा आकडा दादाला नीट सापडत नसे, म्हणून स्टुलावर धाकटी चढायची. तिसऱ्या कडीला रंग आला. फांद्यांच्या टोकांना जांभळा आणि मधे कोवळा हिरवा. हात साखळीवर तसाच ठेवून ती बघत राहिली.

दादा काचेला नाक लावून उभा होता. "अजून मळकटच ग. तुला काय दिसतंय?"

खरं सांगायचं तर पुढचंही सांगावं लागणार होतं.

"मलाही तसंच," ती म्हणाली आणि कडी खाली घेतली. मग पुढच्या आठवड्यात आणखी एक. वहिनी चहाचा कप घेऊन दारात आली होती, ती तशीच मागे वळली.

टोकं पांढरी होऊ लागली तेव्हा धाकटीनं मनाची समजूत घातली, की वाढीची टोकं पांढरीच असतात. पण पांढरा खाली उतरत गेला. कामावर कुणाच्या नाकावर फ्रेम बसवताना ती डोळ्यांकडे बघायचं टाळू लागली. घरी ती टाकीकडे पाठ करून जेवायची.

अशात कारखान्यात दादानं पिवळसर रंग पांढरा म्हणून पुढे धाडला. मोठ्या साहेबांनी त्याला बोलावून घेतलं आणि एवढंच म्हणाले, "डोळे करून या. खुर्ची कुठे पळून जात नाही." ज्याची धास्ती दोघींनी घेतली होती, ते असं दोन वाक्यांत संपलं.

ऑपरेशन झालं, डोळ्यावरची पट्टी सुटली. दादा लहान मुलासारखा घरभर फिरला. पडद्याचा निळा बघून, "हा असा होता होय?" म्हणाला. मग टाकीपुढे जाऊन बसला आणि बराच वेळ उठला नाही.

"धाकटे, डॉक्टरनं काहीतरी बिघडवलंय. इथे मला सगळं पांढरंच दिसतंय."

"डोळा कोवळा आहे अजून," वहिनी घाईनं म्हणाली, "निवळेल हळूहळू." आणि तिनं धाकटीकडे बघितलं.

मान हलवली असती तरी पुरलं असतं.

"डोळा चांगला आहे, दादा. प्रवाळच पांढरे पडलेत. तिसऱ्या कडीला रंग आला होता. मी बघितला. तुझ्या डोळ्यांचंही मला माहीत होतं."

"मीच म्हटलं त्यांना, बोलू नका म्हणून," वहिनी पुटपुटली.

दादा काचेकडेच बघत होता. "कुठला आला होता?"

"जांभळा. टोकांना."

"जांभळा म्हणजे कसा? निळ्याकडे झुकलेला की तांबूस?"

धाकटीला सांगता येईना. तो रंग तिनं एकटीनं पाहिला होता, आणि तोही धड पाहिला नव्हता. त्या वेळी तिचं सगळं लक्ष, आता काय बोलायचं, यात होतं.

"स्टूल दे इकडे," दादा म्हणाला. तो स्वतः चढला आणि त्यानं दिवा पार वर नेला.

खडकाच्या सावलीतला एकच प्रवाळ जगला. पुढे कित्येक महिन्यांनी त्याच्या टोकांना रंग धरला, तेव्हा दादानं तिला हाक मारली. "हाच का ग तो?"

"आठवत नाही, दादा," ती म्हणाली. हो म्हणून त्याला खूश करणं तिला आता जमणार नव्हतं.

दादा मानानं निवृत्त झाला. त्या गोष्टीवरून त्यानं तिला कधी टोकलं नाही. टोकलं असतं तर तिला हलकं वाटलं असतं. वहिनी आधी गेली. शेवटच्या आजारात ती सवतीला खायला घातलं का म्हणून विचारायची. मासेवाल्यानं दुकान विकलं आणि लेकीच्या गावी फुलझाडांची रोपं विकायला बसला. धाकटी हात चालत होते तोवर कामावर जात राहिली. फ्रेम बसवताना कुणाच्या डोळ्यात सावट दिसलं की तोंडावर सांगून टाकायची. एक बाई रागावून फ्रेम तिथेच टाकून गेली होती.

दादाच्या मागे टाकी तिच्याकडे आली. साखळी तिसऱ्या कडीवर आहे. सकाळी दिवा लागला की ती खुर्ची ओढून बसते. तो जांभळा निळ्याकडे झुकतो की तांबूस आहे, ते तिला अजून नक्की सांगता येत नाही.