कुठला जनरेटर घेऊ, दादा

माझ्या धाकट्या भावाच्या एका पत्राला मी सात महिने उत्तर दिलं नाही. वखारीच्या जाहिरातीच्या पाठकोऱ्या कागदावर, सुताराच्या जाड पेन्सिलीने त्याने लिहिलं होतं:

"दादा, ट्रेलरसाठी जनरेटर घ्यायचाय. दोन बघून ठेवलेत. एक लहान, बंद अंगाचा, आवाज कमी, पण एसी ओढेल की नाही शंका आहे. दुसरा मोठा, उघड्या सांगाड्याचा. सगळं ओढतो पण बोंबलतो. दोन्हींची माहितीपत्रकं सोबत आहेत, ही बारीक अक्षरं माझ्या डोक्यात शिरत नाहीत. तू छापलेलं सगळं वाचतोस, औषधाच्या बाटलीवरचंसुद्धा. वीस तारखेला निघायचंय, दहापर्यंत कळव. तू म्हणशील तो घेतो."

फोनवर मला बोलता येत नाही हे त्याला लहानपणापासून माहीत आहे. पलीकडचा माणूस गप्प झाला की मला वाटतं माझंच काहीतरी चुकलं, आणि मी फोन ठेवून देतो. म्हणून त्याने लिहिलं.

ट्रेलर म्हणजे मोटारीच्या मागे जोडायचं चाकांवरचं लहानसं घर. भाऊ सुतार. एक जुना, गळका ट्रेलर आणून त्याने दोन वर्षं खपून आतली सगळी कपाटं, बाकं, झोपायची फळी स्वतः बसवली होती. माझ्या भावजयीचा त्या ट्रेलरवर फार जीव. "चार दिवस माहेरी जाऊन येते," असं ती शेजारणीला सांगायची आणि नवऱ्याबरोबरच त्यात बसून निघायची. त्यात एकच शेगडी होती, म्हणून तिथे स्वयंपाकही एकाच पदार्थाचा व्हायचा. तेच तिचं माहेरपण. फक्त उकाडा तिला सोसत नसे, म्हणून एसी, आणि एसीसाठी जनरेटर.

मी चाळीस वर्षं एका छापखान्यात मुद्रितशोधक होतो. तिसरं प्रूफ वाचल्याशिवाय मी एकही पान सोडलं नाही. नोकरीत त्याला गुण म्हणायचे.

माहितीपत्रकं मी दोनदा वाचली. उत्तर पहिल्याच संध्याकाळी माझ्या मनात तयार होतं: लहान घे. पण एसी सुरू होताना क्षणभर किती वीज ओढतो, तो आकडा पत्रकात नव्हता. मी दुकानात गेलो. दुकानदार म्हणाला, "चालेल की!" चालेल म्हणजे किती, ते त्याला सांगता येईना. मी परत गेलो. तिसऱ्या वेळी मला दारात बघून त्याने आतल्या माणसाला हाक मारली. "अरे, पाहुणे आले बघ! आजोबा, जनरेटर बघताय की सून? मुलगी पसंत आहे की नाही ते एकदा सांगून टाका."

सगळे हसले. मीही हसलो आणि आकडा न विचारताच घरी आलो. मग एसीच्या कंपनीला पत्र लिहिलं.

भावाचं उत्तर आठ तारखेला लिहून झालं होतं. एका पानाचं, तीनदा वाचलेलं. फक्त त्या आकड्याची जागा कोरी होती. पाकिटावर पत्ता घातला, तिकीट लावलं आणि कंपनीचं उत्तर येईपर्यंत म्हणून ते टेबलाच्या खणात ठेवलं. दहा तारीख गेली. वीस गेली. कंपनीचं उत्तर तेवीसला आलं. त्याच्या आदल्या दिवशी भावाची एक ओळ आली होती: "मोठाच घेतला. तू कामात असशील."

मला निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली होती.

आता घेऊनच झाला, तर पत्र पाठवून काय उपयोग, असं मी स्वतःला सांगितलं. ते खोटं होतं. कुठला घ्यावा एवढंच त्यात नव्हतं. घेतल्यावर तो कसा वापरावा, हेही होतं.

पहिल्या फेरीत जनरेटर खरंच बोंबलला. मुक्कामाच्या जागी शेजारच्या ट्रेलरमधली बाई येऊन म्हणाली, की आम्ही शांततेसाठी इथे येतो. माझा भाऊ कुणाला त्रास झाला की दोन दिवस जेवत नाही. परत आल्यावर त्याने जनरेटरसाठी खोका करायला घेतला. तो पुरा झाला त्या रविवारी त्याने मला जेवायला बोलावलं.

"दादा, ये, दाखवतो," म्हणून तो मला अंगणात घेऊन गेला. ट्रेलरच्या पुढच्या दांड्यावर खोका बसवला होता. आतून आवाज दाबायला जाड नमदा, वर बिजागरीचं झाकण, कडेला हवा खेळायला फटी. फटी फक्त ट्रेलरकडच्या बाजूला होत्या.

"इकडून का?" मी विचारलं.

"तिकडून ठेवल्या तर आवाज शेजाऱ्यांकडे जाईल. आता आला तर आमच्याकडेच येईल. आम्हाला सवय आहे."

मागून भावजय म्हणाली, "घोरणाऱ्याशी तीस वर्षं संसार केलाय मी. जनरेटर काय चीज आहे!"

धुराचं काय, हे शब्द माझ्या ओठांवर आले होते, हे मी शपथेवर सांगतो. खणातल्या पत्राची सातवी ओळ मला तोंडपाठ होती. पण ते बोललो असतो तर पुढचा प्रश्न आला असता: एवढं माहीत होतं तर उत्तर का दिलं नाहीस? आणि मग मला नेहमीसारखं वाटलं, की आयुष्यभर रंधा चालवणाऱ्या माणसाला मी काय शिकवणार. मी खोक्याच्या कोपऱ्यावरून हात फिरवला आणि म्हणालो, "सांधे सुंदर बसलेत."

तो लहान मुलासारखा खूश झाला.

दुसऱ्या फेरीला त्यांच्याबरोबर मुलगी, जावई आणि चार वर्षांची नात होती. दुपारी सगळे नदीवर निघाले. भावजयीचं डोकं दुखत होतं, ती मागे राहिली. खिडक्या बंद करून एसी लावून आडवी झाली. तिला नीट झोप लागावी म्हणून भावाने जाताना खोक्याचं झाकण लावलं. दीड तासाने ते परतले तेव्हा जनरेटर चालूच होता. ट्रेलरच्या पुढच्या तळाला, शेगडीचा गॅस गळला तर बाहेर जावा म्हणून ठेवलेली भोकं होती. धूर फटींतून निघाला आणि त्या भोकांतून आत गेला. पहिल्यांदा दार उघडलं ते मुलीने.

महिन्याभराने चौकशी झाली. सरकारी कचेरीतली अरुंद खोली, एक टेबल, त्यामागे अधिकारी, समोर एक बाकडं. बाकड्यावर भाऊ, त्याच्या शेजारी मी, कडेला माझी पुतणी. अधिकारी सभ्य होते. सगळं विचारून झाल्यावर त्यांनी चष्मा काढला.

"जनरेटर घेताना, बसवताना कुणाचा सल्ला घेतला होता?"

"नाही," भाऊ म्हणाला.

"कुणालाच विचारलं नाही?"

"स्वभाव नाही माझा, साहेब."

पुतणी हसली. तसलं हसू मी पुन्हा ऐकू इच्छित नाही. मी मूग गिळून बसलो. भाऊ विसरला की मला वाचवतोय, ते मला कळेना, आणि विचारायची हिंमत होईना.

बाहेर जिन्यात पुतणीने मला गाठलं. "ऐकलंत ना, मोठे काका? स्वभाव नाही म्हणे! सगळं स्वतःच्या डोक्याने. एकदा, फक्त एकदा कुणा शहाण्या माणसाला विचारलं असतं... तुम्हाला विचारलं असतं तरी आई आज असती."

"अगं, मी काय..." एवढंच मला जमलं.

"मी त्यांच्याशी बोलणार नाही. पोरीलाही पाठवणार नाही. चूक होते माणसाची, ती मी पोटात घातली असती. ही चूक नाही, हा ताठा आहे."

तिने शब्द पाळला. तीन महिने ती बापाच्या घराची पायरी चढली नाही. नात बसच्या खिडकीतून हात हलवते, तेही बस फाटकावरून गेली तर, असं भावाने मला एकदा सांगितलं. त्या दिवशी मी घरी येऊन खण उघडला. पाकीट तसंच होतं.

गेल्या आठवड्यात मी दोन्ही पत्रं घेऊन भावाच्या कारखान्यात गेलो. लाकडाचा वासही विरल्यासारखा झाला होता. करवती खिळ्यांना टांगलेल्या, कोपऱ्यात कचेरीने परत दिलेला तो खोका, त्याला बांधलेली चिठ्ठी अजून तशीच.

"आलास? बस. तो स्टूल नको, डगमगतो."

"सुताराच्या घरात?"

"सुताराच्याच घरात."

मी त्याचं पत्र समोर ठेवलं. त्याने ते हातात न घेताच ओळखलं.

"तुझ्या लक्षात होतं?" मी विचारलं.

"बायको गेलीय माझी दादा, डोकं नाही गेलेलं."

"मग साहेबांसमोर नाही का म्हणालास?"

"काय सांगू? दादाला विचारलं होतं, त्याने उत्तर दिलं नाही? तू शेजारी बसला होतास. तुझा पाय एवढा थरथरत होता की बाकडं हलत होतं." त्याने ते पत्र माझ्याकडे परत सरकवलं. "आणि तुला तरी कुठे माहीत होतं? माहीत असतं तर कळवलं असतंस."

इथेच उठून यावं, असं मला फार वाटलं. मी पाकीट काढून त्याच्यापुढे सरकवलं.

तिकिटावर त्याने अंगठा फिरवला. पाकीट फोडलं. वाचायला त्याला नेहमीच वेळ लागतो, ओठ हलतात. सातव्या ओळीवर ओठ थांबले. 'चालू असताना ट्रेलरपासून निदान वीस फूट लांब ठेव, कशानेही झाकू नकोस; धुरातल्या विषाला वास नसतो, झोपलेल्या माणसाला कळत नाही.'

"आठ तारखेला लिहिलंस?"

"हो."

"म्हणजे खोका बघायला आलास तेव्हा हे लिहून झालं होतं."

"हो."

"सांधे चांगले बसलेत म्हणालास."

"हो."

तो उठून दाराशी गेला. मला वाटलं ओरडेल. ओरडला असता तर बरं झालं असतं.

"जाळून टाक हे," तो म्हणाला.

"मी तुझ्या मुलीला पाठवणार आहे."

"वेड लागलंय तुला? खोका मी केला. फटी मी पाडल्या. झाकण या हाताने लावलं. त्यात काय बदल होणार आहे?"

"तू विचारलं होतंस. ती म्हणते तू कुणाला विचारलं नाहीस. तू विचारलं होतंस."

"तिला बाप राहिला नाही, दादा. एक काका तरी राहू दे."

त्याने पत्राची घडी घातली, माझ्या हातात दिली आणि करवतींकडे बघत म्हणाला, "आता जा. आणि काही दिवस येऊ नकोस. माझं मन इतकं मोठं नाही."

खरं सांगायचं तर त्याच्या नकारात मला सोय दिसली. चार दिवस मी त्या सोयीत राहिलो. धाकट्याची इच्छा मोडू नये, जखम उकरू नये, पोरीला आणखी दुःख कशाला. घरात बसून मी स्वतःच्या बाजूने इतकी चांगली वाक्यं रचली की छापायला देता आली असती. पाचव्या दिवशी दुपारी बस भावाच्या घरावरून जाते त्या रस्त्याला मी गेलो होतो. बसच्या खिडकीत नात होती. तिने हात वर केला. शेजारी तिची आई बसली होती. तिने तो हात धरून खाली आणला.

घरी येऊन मी पुतणीला लिहिलं. "तुझ्या वडिलांनी मला विचारलं होतं. त्यांचं पत्र सोबत आहे. माझं उत्तर लिहून झालं होतं, तेही सोबत आहे. ते मी पाठवलं नाही. खोका मी पाहिला होता आणि गप्प बसलो होतो. खोका तुझ्या वडिलांनीच केला, झाकण त्यांनीच लावलं, हे ते स्वतःच सांगतात. ताठा त्यांच्यात नव्हता. त्यांनी ज्याला विचारलं तो माणूस भित्रा निघाला. तुला माझं तोंड बघावंसं वाटणार नाही. ते मी धरून चाललो आहे. पण वडिलांकडे जा."

तिन्ही कागद नव्या पाकिटात घातले. पुन्हा वाचले नाहीत.

पोस्टात गर्दी नव्हती. खिडकीतल्या बाईने पाकीट वजनावर ठेवलं.

"साधं की रजिस्टर?"

"पोचेल याची खात्री हवी."

"मग रजिस्टर करा. पाठवणाऱ्याचं नाव कुठे आहे? इथे लिहा, मागच्या बाजूला."

मी खिडकीच्या कट्ट्यावर वाकून माझं पूर्ण नाव आणि पत्ता लिहिला. तिने पाकीट ओढून घेतलं, दोन शिक्के मारले आणि मागच्या पोत्यात टाकून दिलं.