पिवळी शिडी

डेटाबेस सांभाळणारे आणि प्रोग्रॅम लिहिणारे या दोन जमाती एकाच इमारतीत राहतात, एकाच यंत्राचा चहा पितात आणि एकमेकांशी शक्यतो लेखी बोलतात. लिहिणारा कळवतो, ‘परवानगी द्या.’ सांभाळणारा कळवतो, ‘कशाला?’ एवढ्यात दोघांचाही दिवस भरतो.

आमच्या ऑफिसात हे भांडण थेट घरापर्यंत पोचलं होतं. डेटाबेस वहिनींच्या ताब्यात, आणि लिहिणाऱ्यांत सगळ्यात उतावळा जो, तो त्यांचा सख्खा दीर. वहिनींना सगळेच वहिनी म्हणत. पाठीमागे मात्र ‘कुलूप’. दिराचं नाव पडलं होतं ‘सुसाट’. दोघं सकाळी एकाच गाडीतून यायचे, जिन्यापाशी पांगायचे, आणि दुपारच्या आत दिराचा अर्ज वहिनींच्या सहीने नामंजूर होऊन परत यायचा. रात्री ताटं वाढताना सासूबाई विचारायच्या, “आज काय नाकारलंस गं याला?”

तर अशा या मंडळींना कंपनीने एकत्र प्रशिक्षणाला बसवलं. मी हिशेब विभागातला. आमचे तक्ते याच डेटाबेसातून निघतात म्हणून मलाही मागची एक खुर्ची मिळाली होती. कळो न कळो, खोली गार होती आणि चहा फुकट होता. व्यवहार तोट्यातला नव्हता.

शिकवणारे मास्तर आमच्याच कंपनीतले, घसा बसलेले, चष्मा कपाळावर ठेवून तोच शोधणारे. ते नोकरी सोडून लेकीकडे राहायला निघाले होते. त्यांच्या जागी यापुढे कोण शिकवणार, ते याच वर्गातून ठरणार, हे सगळ्यांना माहीत होतं. दोघांचा डोळा होता त्या जागेवर. एक दुसऱ्या शाखेतले दाढीवाले, ज्यांना फळ्यापर्यंत जायलासुद्धा कुणी बोलवावं लागत नसे. दुसऱ्या म्हणजे आमच्या वहिनी.

वहिनींना ती जागा किती हवी होती ते त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं, पण नवी साडी, नवा चष्मा आणि सकाळी सगळ्यांच्या आधी पुसलेला फळा, एवढा पुरावा मला पुरला. मागच्या खेपेला त्यांचं नाव पुढे आलं होतं आणि कापलंही गेलं होतं. शेरा असा : ‘सगळं येतं, पण दुसऱ्याला हात लावू देत नाहीत.’ शेरा लिहिणाऱ्या साहेबांच्याच हातून त्यांनी एकदा माऊस काढून घेतला होता, त्यामुळे शेऱ्यात अतिशयोक्ती होती असं म्हणवत नाही.

शेवटच्या दिवशी मास्तरांनी खेळ मांडला.

“समोर एक खोटं दुकान आहे,” ते घोगऱ्या आवाजात म्हणाले. “सकाळी उघडलं, ऑर्डरी येत राहिल्या. मग माझ्या प्रोग्रॅमने सगळ्या ऑर्डरी पुसल्या. तुमच्याकडे कालची बॅकअप, म्हणजे कालपर्यंतची नक्कल आहे, आणि आजच्या प्रत्येक बदलाची क्रमवार नोंद आहे. बॅकअप परत चढवा, तिच्यावर आजचे बदल एकेक करून पुन्हा खेळवा, आणि पुसण्याच्या क्षणाच्या अगदी अलीकडे थांबा. आधीच थांबलात तर चांगल्या ऑर्डरी गेल्या. उशिरा थांबलात तर तुमच्याच हातून सगळं पुन्हा पुसलं जाईल.”

“आणि नेमके थांबलो हे कळणार कसं, सर?” दाढीवाल्यांनी विचारलं. उत्तर माहीत असल्यासारखं विचारायची त्यांची पद्धत होती.

“पुसण्याआधीची शेवटची ऑर्डर एका पिवळ्या शिडीची आहे. शिडी दिसली की जिंकलात. जेवणाच्या सुट्टीपर्यंत वेळ आहे, म्हणजे एकच प्रयत्न बसेल.” मग त्यांनी खरी काडी टाकली. “जोडीत एक सांभाळणारा, एक लिहिणारा. कीबोर्ड लिहिणाऱ्याकडे. सांभाळणाऱ्याने हात लावायचा नाही, उत्तर सांगायचं नाही. फक्त प्रश्न विचारायचे. हात लागला की जोडी बाद. आणि माझ्या जागी कोण येणार, ते मी कीबोर्डवाल्यांतून नाही, शेजारच्या खुर्चीतून निवडणार आहे.”

चिठ्ठ्या टाकल्या. वहिनींच्या वाट्याला सुसाट आला. मागून कुणीतरी शिट्टी वाजवली.

“मास्तर, हे घरगुती हिंसेत मोडतं,” सुसाट म्हणाला.

“बसा भावोजी,” वहिनी म्हणाल्या, आणि दोन्ही तळहात मांडीखाली घालून स्वतःच त्यांच्यावर बसल्या.

खेळ सुरू झाला. बॅकअप चढू लागली, पडद्यावर हिरवी पट्टी मुंगीच्या पावलाने सरकू लागली. सुसाटने तेवढ्यात मास्तरांच्या प्रोग्रॅमची डायरी उघडली. आपण काय काम केलं ते प्रोग्रॅम वेळेसकट तिच्यात टिपून ठेवतो. ‘ऑर्डरी पुसल्या, अकरा चाळीस.’ सुसाटने बोटं मोडली आणि थांबण्याची वेळ म्हणून तीच टाकली.

वहिनींचा उजवा खांदा हलला. हात सुटता सुटता राहिला.

त्याचं कारण मला त्यांनी नंतर सांगितलं. आमचे सगळे सर्व्हर मुख्य कचेरीच्या वेळेवर चालतात, भिंतीवरच्या घड्याळाच्या कितीतरी तास मागे. भिंतीवर दुपार असते तेव्हा सर्व्हरच्या मते पहाट. लिहिणाऱ्यांना याचा पत्ता नसतो. सांभाळणारे मात्र झोपेतसुद्धा तेवढे तास वजा करतात. आणि या गड्याने डायरीतली, म्हणजे भिंतीवरची, वेळ जशीच्या तशी टाकली होती! पलीकडे दाढीवाले, मास्तरांची पाठ वळलेली बघून, आपल्या लिहिणाऱ्या पोरीला भुवया उडवून, खोकून, बोटांनी हवेत वजाबाकी करून दाखवत होते. त्या पोरीनेही बिचारीने इशारा ओळखून तास वजा केले. दाढीवाले निर्धास्त मागे रेलले.

वहिनी पेचात पडल्या. सांगितलं तर जागा गेली, नाही सांगितलं तर शिडी गेली.

“भावोजी,” त्या शेवटी म्हणाल्या, “ही वेळ कुणाच्या घड्याळातली?”

“सर्व्हरच्या.”

“कशावरून?”

“विचारलं त्याला. किती वाजले रे, म्हटलं. हे बघा.” त्याने बोट दाखवलं. सर्व्हरने दिलेली वेळ आणि भिंतीवरची वेळ तंतोतंत एक होती. “मास्तरांनी हा सराव सर्व्हर मुद्दाम इथल्या वेळेवर लावलाय. तुम्हा लोकांची खोड ठाऊक आहे त्यांना.”

वहिनींनी पडद्यावरची वेळ पुन्हा वाचली. इतकी वर्षं त्या तेवढे तास वजा करत आल्या होत्या. सर्व्हरला वेळ विचारायची असते हेच विसरून गेल्या होत्या. मला वाटलं, आता या चिडणार. पण त्यांचा चेहरा चक्क उजळला. अवघड कोडं घालणारा कुणी भेटला की लहान मुलीचा होतो तसा. त्या खुर्ची ओढून जवळ सरकल्या.

“बरं. मग आता हे सांगा, तुमची जमात डायरीत लिहिते कधी? काम करायच्या आधी, की केल्यावर?”

“केल्यावर. काम झालं की मगच ना...” सुसाट बोलता बोलता थबकला. “अरे देवा.”

“काय झालं?”

“पुसून झाल्यावर अकरा चाळीस लिहिलं. म्हणजे पुसणं त्याच्या आधीच झालं! मी अकरा चाळीसला थांबलो तर पुसणं पण खेळवलं जाणार!”

“मग?”

“मग अलीकडे थांबायचं. पण किती अलीकडे? फार मागे गेलो तर शिडी जाईल.”

“पुसायला किती वेळ लागतो, ते कुठे कळेल?”

“ते... थांबा, प्रोग्रॅम तर मास्तरांनी दिलाय.” तो आता खुर्चीत अर्धा उभा होता. “हे काय! काम सुरू केलं की तोही क्षण टिपतो, पण दुसऱ्या फाइलमध्ये. कोण ठेवतं असं?”

“तुम्हीच ठेवता. मागच्या महिन्यात मीच नाकारलं होतं.”

“वहिनी, हे उत्तर झालं!”

“टोमणा आहे तो. टोमण्याला बंदी नाही.”

मास्तरांनी लांबूनच मान डोलावली. सुसाटने तो सुरुवातीचा क्षण शोधला, त्याच्या केसभर अलीकडची वेळ टाकली आणि ‘सुरू करा’वर बोट ठेवून वहिनींकडे पाहिलं. इतक्या वर्षांत कधी दुसऱ्याकडे बघून न थांबलेला हा माणूस!

“तुमची खात्री आहे का?” वहिनींनी विचारलं.

“आहे.”

“मग माझ्याकडे काय बघता?”

बटण दाबलं. बदल धडाधड खेळवले जाऊ लागले.

पहिला निकाल दाढीवाल्यांच्या टेबलावर लागला. “आमचं दुकान रिकामं!” त्यांची जोडीदारीण ओरडली. “एकसुद्धा ऑर्डर नाही. सर, आमच्याकडे अजून पहाटच आहे!” खोलीत हशा पिकला. मग दुसरं टेबल पहाटेत निघालं, मग तिसरं. एका टेबलाने नेमकं अकरा चाळीस धरलं होतं. त्यांचं दुकान भरलं आणि डोळ्यांदेखत पुन्हा पुसलं गेलं. सगळे उठून वहिनींच्या टेबलाभोवती जमले. मीसुद्धा कप हातात घेऊन खुर्चीवर चढलो. माझ्या वयाला ते शोभलं नसेल, पण त्या क्षणी तिथे वयाकडे बघायला कुणाला सवड होती!

ऑर्डरी दिसू लागल्या. टेबलफॅन. घड्याळाचे सेल. दोन बादल्या. दार अडवायची पाचर.

“शिडी? शिडी आली का?”

“ढकलू नका रे!”

हातोडा. खिळ्यांचं पाकीट. आणि सगळ्यात खाली, एकटीच, पिवळी शिडी.

जो काही आरडाओरडा झाला, तो ऐकून शेजारच्या खोलीतले लोक आग लागली समजून जिन्याकडे निघाले. सुसाट टेबलावर बुक्क्या मारत होता. वहिनी अजून हातांवरच बसल्या होत्या, फक्त खुर्चीसकट उड्या मारत होत्या.

मास्तर पुढे आले. “वहिनी, घड्याळातली माझी चाल तुम्ही ओळखली होती?”

“नाही.” त्यांनी एका झटक्यात सांगून टाकलं. “मी मनातल्या मनात तास वजा करून बसले होते. कीबोर्ड माझ्याकडे असता तर आमच्याकडेही पहाटच झाली असती.”

“मग विचारलंत कशाला?”

“हात बांधलेले होते, सर. दुसरं करणार काय?”

मास्तर इतके हसले की चष्मा कपाळावरून नाकावर आला, आणि तो सापडल्याच्या आनंदात त्यांनी फळ्याचा मार्कर उचलला. “पुढची तुकडी या घेतील,” ते वहिनींकडे वळून म्हणाले. “आणि सुरुवात आजपासूनच. दुपारचा धडा, घड्याळं. म्हणजे बघा, एक घड्याळ भिंतीवर...” ते फळ्यावर गोल काढू लागले.

वहिनींनी टुणकन उठून त्यांच्या हातातला मार्कर काढून घेतला.

“हात!” सुसाट ओरडला. “वहिनी, हात!”

“हात! हात!” सगळी खोली ओरडू लागली.

वहिनींनी जीभ चावली. मार्करकडे पाहिलं, फळ्यावरच्या अर्धवट गोलाकडे पाहिलं. मग घरी सांगायची एक गोष्ट मिळाली म्हणून खिदळणाऱ्या दिराकडे डोळे वटारून पाहत त्या खोलीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन पोचल्या आणि मार्कर दाढीवाल्यांच्या हातात ठेवला.

“तुम्ही काढा,” त्या म्हणाल्या, आणि हात पाठीमागे बांधून परत फळ्याशेजारी येऊन उभ्या राहिल्या. “मला सांगा, तुमच्या सर्व्हरला शेवटचं कधी विचारलं होतंत, किती वाजले म्हणून?”